शेवटच्या दिवसांत माणसं काय बोलतात, आणि त्यावरून आयुष्याचा अर्थ ठरवता येतो का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तो आधी मांडते. तुमचं वय सत्तेचाळीस. चाकणला एका कंपनीत बरी नोकरी, फ्लॅटचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं, मुलगी शिकायला बेंगळुरूला गेली. सात महिन्यांपूर्वी मोठा भाऊ स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेला आणि शेवटचे आठ-दहा दिवस तो जवळजवळ काहीच बोलला नाही. तेव्हापासून सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की ‘हे सगळं कशासाठी चाललंय’ असं वाटत राहतं. पुष्कळ माणसांचे शेवटचे दिवस ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना तुम्ही विचारताय, की माणसाला शेवटी काय महत्त्वाचं वाटतं? ते कळलं तर पुढचं आयुष्य त्याप्रमाणे जगता येईल, असं तुमचं म्हणणं आहे.

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी घेणाऱ्या विभागात, वैद्यकीय समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. औषधं डॉक्टर देतात. माझं काम पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलण्याचं, घरी भेटी देण्याचं, आणि पुष्कळदा नुसतं शेजारी बसण्याचं. पुढे ज्या माणसांबद्दल लिहिलंय त्यांची ओळख पटू नये इतके तपशील बदललेले आहेत.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि मी तो आधी घेणार आहे. भाऊ काहीच का बोलला नाही? एवढं आयुष्य जगून त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं का? तुम्ही हे उघड विचारलेलं नाही, पण त्याच्या गप्प राहण्यातून तुम्ही काहीतरी निष्कर्ष काढलाय आणि तोच रोज स्वतःच्या आयुष्याला लावून पाहताय, असं तुमचं लिहिणं वाचताना मला वाटत राहिलं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेला की बऱ्याच जणांच्या यकृताचं काम बिघडतं, कावीळ वाढते, खाणंपिणं सुटतं, जंतुसंसर्ग होतो. या सगळ्याचा आणि काही औषधांचा मेंदूवर परिणाम होतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. डिलिरियम म्हटलं की बरळणारा, सलाइनची नळी ओढणारा पेशंट डोळ्यांपुढे येतो, पण शेवटच्या दिवसांत त्याचा शांत प्रकार फार दिसतो. माणूस गुंगीत असतो, हाक मारली की डोळे उघडतो, ओळखीचं काहीतरी चेहऱ्यावर येतं आणि पुन्हा डोळे मिटतो. घरच्यांना वाटतं हा रागावलाय, किंवा त्याने सगळ्यांतून मन काढून घेतलंय. मृत्यूच्या आधीच्या काही दिवसांत बहुतेक पेशंटना हे कमी-जास्त प्रमाणात होतं. तोंड कोरडं पडलेलं असतं, एक वाक्य बोलायला लागणारा श्वासही महाग झालेला असतो. सिनेमात माणूस हात हातात घेऊन शेवटचं वाक्य बोलतो आणि मान टाकतो. मी इतक्या बिछान्यांशेजारी बसले आहे, तसं वाक्य फार क्वचित ऐकलं. ‘पाणी दे’, ‘कूस बदल’, ‘किती वाजले’ हेच जास्त.

दुसरं कारण शरीराचं नाही. आपल्याकडे दारातच नातेवाईक मला बाजूला घेऊन सांगतात, ‘ताई, पेशंटला काही माहीत नाही, तुम्ही बोलू नका.’ आत गेले की पेशंट, खोलीत कुणी नाही असं बघून, हळूच सांगतो, ‘मला सगळं कळलंय, पण यांना सांगू नका, यांना सोसणार नाही.’ दोन्ही बाजू एकमेकांना जपत असतात आणि त्या जपण्यात बोलायचे दिवस निघून जातात. तुमच्या घरी असं झालं का, ते मी इथून सांगू शकत नाही. झालं असेल तरी ते प्रेमापोटीच झालं असणार. पण एक नक्की सांगते. शेवटच्या दहा दिवसांत माणूस गप्प राहिला यावरून त्याच्या त्रेपन्न-चौपन्न वर्षांबद्दल काहीही ठरत नाही.

आता तुम्ही जो प्रश्न विचारलात तो. मरणाच्या दारातल्या माणसांना काय महत्त्वाचं वाटतं?

या विषयावरच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात. फार काम केलं याचा पश्चात्ताप, मित्रांशी संपर्क ठेवला नाही याचा पश्चात्ताप, मनासारखं जगलो नाही याचा पश्चात्ताप. त्या याद्या पूर्णपणे खोट्या नाहीत, असं बोलणारी माणसं मलाही भेटतात. पण त्यांच्यावरून स्वतःचं आयुष्य आखायला मी कुणालाच सांगणार नाही. ‘कामात सगळं आयुष्य गेलं हो’ असं म्हणणारे काका ज्या खोलीत झोपलेले असतात ती खोली त्याच कामाच्या पगारातून बांधलेली असते. आता त्यांच्यापुढे हप्ता नाही, मुलाची फी नाही, साहेबाचा फोन नाही. त्या जागेवरून मागे पाहिलं की काम नकोसं दिसणारच. चाळिशीत त्यांनी तेव्हा जे केलं त्यात चूक होती, असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि ही खंत ठरावीक थरातच ऐकू येते, हेही मी पाहिलंय. शेतमजुरी केलेली बाई ‘कमी काम करायला हवं होतं’ असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, ‘हात चालत होते तोवर बरं होतं गं बाई.’

शिवाय ते बोलणं कुठल्या अवस्थेतलं आहे तेही बघावं लागतं. आधुनिक पॅलिएटिव्ह केअरचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. त्यांचं म्हणणं होतं की अशा आजारातलं दुखणं एकसंध असतं. शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि ‘माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचं दुखणं एकमेकांत मिसळलेलं असतं. याचा अनुभव मला सतत येतो. एका पेशंटला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा ते म्हणाले, ‘फुकट गेलं सगळं.’ त्यांच्या पाठीच्या मणक्यात गाठ होती आणि रात्र-रात्र झोप नव्हती. डॉक्टरांनी मॉर्फिनचा डोस नीट बसवला, तीन रात्री ते झोपले. चौथ्या दिवशी गेले तर आपल्या हाताने लावलेल्या डाळिंबाच्या बागेबद्दल तासभर बोलत होते. तेल्या रोगाने ती बाग एकदा कशी गेली, पुन्हा कशी लावली, कुठल्या ओळीतली झाडं हट्टी होती. मग ‘फुकट गेलं’ हे खरं की बागेतला तो तास खरा? मी दोन्ही खरं मानते, पण पहिल्या वाक्यावर बसून त्यांच्या आयुष्याचा हिशेब करायला मी तयार नाही. दुखत असताना अर्थाबद्दल विचारूच नये. आधी दुखणं थांबवावं.

मग दुखणं आटोक्यात असताना, घाई नसताना, ऐकणारं कुणी असताना माणसं काय बोलतात? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला जे काही कळलंय ते इथेच.

आयुष्याबद्दलचं सर्वसाधारण विधान कुणी करत नाही. करायला लावलं तर ‘सगळं देवाच्या हातात’ किंवा ‘प्रेम महत्त्वाचं’ असं काहीतरी म्हणतात आणि थांबतात. आपणहून बोलतात ते अगदी नेमकं, बारीकसारीक. एसटीत ड्रायव्हर असलेले एक काका पावसाळ्यातल्या एका घाटातल्या रात्रीबद्दल बोलायचे. दरड पडलेली, गाडीत एक बाळंतीण, आणि त्यांनी मागे-मागे घेत गाडी कशी आणली. गाडीचा नंबर त्यांना आठवत होता. विद्यार्थ्यांची खानावळ चालवलेल्या एक मावशी होत्या. कुठल्या मुलाला वांगं चालायचं नाही, परीक्षेच्या दिवसांत कोण जेवायला यायचाच नाही म्हणून डबा खोलीवर पाठवावा लागायचा, हे तीस-तीस वर्षांपूर्वीचं त्या काल घडल्यासारखं सांगायच्या. तहसील कचेरीत कारकून असलेले एक गृहस्थ घरी फार तुटक म्हणून ओळखले जायचे. त्यांनी मला विधवांच्या पेन्शनच्या कागदांबद्दल सांगितलं. कुठला दाखला अडायचा, तो साहेबांच्या टेबलावरून कसा हलवायचा, कुठल्या गावची बाई भर उन्हात किती वेळा आली. त्यांच्या बायकोने हे सगळं पहिल्यांदा माझ्यासमोर ऐकलं.

यांतलं कुणी ‘माझ्या आयुष्याचा अर्थ हा’ असं म्हणत नव्हतं. काकांच्या आवाजात तर महामंडळाबद्दलची चीडच जास्त होती. पण हळूहळू मला एक ओळखू यायला लागलं. माणूस जिथे नावं, भाव, हवामान आणि गाडीचे नंबर सांगायला लागतो तिथे त्याचं आयुष्य साठलेलं असतं. त्या जागी त्याने वर्षानुवर्षं लक्ष घातलेलं असतं, कुणाचं तरी त्याच्यावाचून अडत असतं, आणि बऱ्याचदा त्याबद्दल कुणी त्याला शाबासकी दिलेली नसते. ही जागा जवळजवळ नेहमी मधल्या वर्षांत असते. शेवटच्या दिवसांत ती तयार होत नाही, फार तर ऐकणारा मिळाला तर उघडते. आणि तिचा मोठा भाग दुसऱ्यांकडे असतो. त्या खानावळीत जेवलेल्या मुलांकडे मावशींच्या आयुष्याचा जेवढा भाग आहे तेवढा त्यांच्या स्वतःकडेही नसेल.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे, की आयुष्याचा अर्थ शेवटी कळणारी गोष्ट नाही आणि तो एकट्याने शोधून सापडत नाही. मधल्या, धावपळीच्या, तक्रारी करत काढलेल्या वर्षांत आपण जिथे लक्ष देत राहिलो तिथे तो असतो, आणि दुसऱ्या माणसाला सांगताना किंवा दुसऱ्याकडून ऐकताना दिसतो.

हे फक्त माझ्या निरीक्षणावर सोडत नाही. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी एक पद्धत तयार केली, तिला डिग्निटी थेरपी म्हणतात. पेशंटला काही ठरावीक प्रश्न विचारायचे. तुमच्या आयुष्यातला कुठला काळ तुम्हाला सगळ्यांत जास्त आठवतो? तुम्ही सगळ्यांत जिवंत कधी होतात? कुठल्या भूमिका तुम्ही निभावल्या? घरच्यांना तुमच्याबद्दल काय माहीत असावं असं वाटतं? अजून कुणाला काही सांगायचं राहिलंय का? बोलणं रेकॉर्ड करायचं, उतरवून नीट करायचं, पेशंटला वाचून दाखवायचं, त्याने सांगितलेल्या दुरुस्त्या करायच्या आणि ते कागद त्याला हवे त्या माणसासाठी द्यायचे. २००५ साली त्यांनी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या १०० पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६७ टक्क्यांनी आयुष्याला अर्थ असल्याची भावना वाढल्याचं सांगितलं, ६८ टक्क्यांनी जगण्याला हेतू असल्याची. २०११ साली मोठी, तुलनात्मक चाचणी झाली, ३२६ पेशंटची. तिच्यात मनस्तापाच्या मोजपट्ट्यांवर या पद्धतीचा इतर काळजीपेक्षा ठळक फरक दिसला नाही, पण पेशंटनी स्वतः मात्र ती जास्त उपयोगी पडल्याचं सांगितलं. म्हणजे हे नैराश्यावरचं औषध नव्हे. मी ती वापरते ती दुसऱ्या कारणासाठी. वाचून दाखवताना माणूस मध्येच थांबवतो आणि म्हणतो, ‘हे काढा, धाकट्याला वाईट वाटेल,’ किंवा ‘इथे तिचं नाव घाला, तिच्यामुळे झालं ते.’ आपलं आयुष्य कुणाकुणाशी कसं बांधलेलं आहे हे तो त्या क्षणी स्वतः दुरुस्त करत असतो.

व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव या विषयात येतंच. ते व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ, नाझी छळछावण्यांतून वाचलेले. त्यांनी अर्थाच्या तीन वाटा सांगितल्या: काही करणं किंवा घडवणं, कुणावर प्रेम करणं किंवा काही अनुभवणं, आणि टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण कसं सामोरं जातो ते. तिसऱ्या वाटेचा आपल्याकडे फार गैरवापर होतो. ‘दुःखातूनच माणूस घडतो’ असं पेशंटच्या तोंडावर सांगणारे नातेवाईक मी पाहिलेत. फ्रँकल यांनी स्पष्ट म्हटलंय की टाळता येण्यासारखं दुःख टाळलंच पाहिजे. ते उगाच सोसण्यात काही थोर नाही. तुमच्या भावाच्या आजारातून तुम्ही काही शिकलंच पाहिजे, असं दडपण स्वतःवर घेऊ नका.

आता तुमच्याबद्दल. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून सावकाश लिहिते.

पहिलं, हा प्रश्न विचारांचाच आहे की आजाराचा, ते तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रोज मन खिन्न राहणं, पूर्वी आवडायचं त्यात काहीच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, लक्ष न लागणं, स्वतःबद्दल फार वाईट वाटणं, मरणाचे विचार, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइडसारख्या शारीरिक कारणांनीही असं होतं, म्हणून रक्ताच्या साध्या तपासण्या करून घ्याव्यात. भाऊ गेल्यापासून दारू वाढली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. आम्ही एक भेद करतो तो तुम्हाला उपयोगी पडेल. नैराश्यात माणसाला आत्ताच्या क्षणातही आनंद घेता येत नाही. खचलेपणात मात्र तो नातवाच्या गमतीवर मनापासून हसतो, पण पुढचा विचार आला की त्याला सगळं निरर्थक वाटतं. मुलगी सुट्टीला आली तेव्हा घर भरल्यासारखं वाटलं आणि ती गेल्यावर पुन्हा तेच, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पण न भेटता निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. ‘टेली मानस’ ही सरकारी मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आजच फोन करा, आणि घरात एका माणसाला सांगा.

दुसरं, हे दुःखही आहे. सात महिने फार नाहीत. भावाच्या दुःखाला आपल्याकडे नीट जागा मिळत नाही. लोक वहिनीकडे जातात, आईवडिलांकडे जातात, आणि भावाने अस्थी, दाखले, बँक, विमा हे सगळं बघायचं असतं. तुम्हीही तेच केलं असणार. बस सुरू होते, हातात काही काम नसतं, आणि मग ते वर येतं. दीर्घकाळ टिकलेल्या दुःखाचं निदान करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांचा निकष आहे, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पद्धतीत मोठ्यांसाठी बारा महिन्यांचा. नुसता काळ उलटला म्हणून आजार होत नाही. रोजचं जगणंच अडत असेल तर मदत घ्यायची.

तिसरं तुमच्या वयाचं आणि त्या फिटलेल्या कर्जाचं. पंधरा-वीस वर्षं तुम्ही का उठताय हे विचारायची वेळ आली नाही, कारण हप्ता होता, शाळा होती, क्लास होते. त्या जबाबदाऱ्यांनीच दिवसाला आकार दिला होता. आता एकाच वर्षात कर्ज संपलं, मुलगी गेली, आणि ज्याच्याकडे पाहून तुम्ही मोठे झालात तो भाऊ गेला. पोकळी वाटणं यात मला काही बिघाड दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ३९७ अमेरिकन प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आनंद आणि अर्थ यांचा बराचसा भाग सामाईक निघाला, पण काही बाबतींत ते वेगळे पडले. गरजा भागणं, आयुष्य सोपं असणं याचा संबंध आनंदाशी दिसला. काळजी, ताण, दुसऱ्यासाठी काही करणं याचा संबंध अर्थपूर्ण वाटण्याशी दिसला. तो परदेशातला, माणसांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या उत्तरांवरचा अभ्यास आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी तुमच्या ‘सगळं बरं चाललंय तरी रिकामं वाटतं’ या वाक्याशी तो जुळतो.

या वयात, अशा धक्क्यानंतर, माणसं एकदम मोठी उडी घ्यायला निघतात. नोकरी सोडून गावी शेती, सगळं विकून आश्रम. काहींना ते जमतं. माझं मत असं आहे की घरात मृत्यू झाल्यावर पहिल्या वर्षात असा परतीची वाट बंद करणारा निर्णय घेऊ नये. आणि अर्थासाठी मोठं ध्येय लागतं हेही मला पटत नाही. बाबा आमट्यांचं आनंदवन आपण मोठं ध्येय म्हणून सांगतो, पण वरोऱ्याच्या त्या खडकाळ जमिनीवर सुरुवातीचं रोजचं काम विहीर खणण्याचं आणि जखमा धुण्याचं होतं.

मग काय करायचं? मी तुम्हाला आधी भावाकडे जायला सांगेन. त्याच्या गप्प राहण्यापाशी अडकून पडण्यापेक्षा त्याचं आयुष्य ज्यांच्या-ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जा. वहिनी, त्याचे कामावरचे सोबती, शाळेतला मित्र, तो ज्याच्याकडे रोज चहा प्यायचा तो टपरीवाला. ‘दादा कसा होता?’ असं विचारू नका, ‘देवमाणूस होता’ एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. तो कशावर चिडायचा? त्याने तुमच्यासाठी केलेलं एखादं काम सांगा. तुम्ही दोघं शेवटचे पोट धरून कधी हसलात? असं काय होतं जे तो घरी सांगायचा नाही? मोबाइलवर रेकॉर्ड करायला परवानगी घ्या. सगळं गोड येणार नाही. उधारी निघेल, एखादं भांडण निघेल, वहिनींच्या मनातला राग निघेल. तेही राहू द्या. मी पाहिलेली काही माणसं शेवटपर्यंत कडवट राहिली, कुणाशी समेट न करता गेली, तरी त्यांच्या आयुष्याने दुसऱ्याचं कुठलंतरी आयुष्य उभं केलेलं होतंच. घरचे ते मान्य करायला कधी वर्षं घेतात.

हे करताना तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचं काहीतरी होईल, असा माझा अनुभव आहे, पण त्यासाठी मुद्दाम काही करू नका. फक्त एक काम समांतर करून पाहा. पत्नीला किंवा जुन्या मित्राला डिग्निटी थेरपीतले वरचेच प्रश्न तुम्हाला विचारायला सांगा आणि तोंडी उत्तरं द्या. एकट्याने वहीत लिहिलं तर बहुतेकांची तक्रारींची यादी होते. काहींना लिहिणंच जमतं, ते तुम्ही ठरवा. समोर माणूस असला की आपण उदाहरण देतो, आणि कुठे नावं आणि तारखा यायला लागतात ते त्या माणसाच्या लक्षात येतं. कंपनीतला एखादा नवा मुलगा तुमच्या हाताखाली मशीन शिकला असेल, सोसायटीत पाण्याच्या टँकरचं तुम्हीच बघत असाल. ‘त्यात काय मोठंसं’ म्हणून तुम्ही ते सांगणारच नाही, आणि समोरचा म्हणेल, थांब, हे सांग.

श्रद्धा असेल तर तीही यात येते. वारी, नामस्मरण, गुरुवारची उपासना यांच्या आधाराने शेवटचे महिने शांतपणे काढलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि काहीही न मानता तेवढ्याच शांतपणे गेलेलीही. नसलेली श्रद्धा भीतीपोटी ओढून आणण्याचा मात्र फार उपयोग झालेला पाहिला नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की आमच्यासारख्या ठिकाणी सेवा करायला येऊ का. तुमची इच्छा मला मनापासून आवडली. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, ते भारतातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, ते चाकणहून तुम्हाला शक्य आहे. केरळमध्ये तर गावोगावच्या साध्या माणसांनीच हे काम उचलून धरलंय. पण घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर अशा कामाच्या आधी साधारण वर्षभर थांबावं, असं या क्षेत्रात सहसा सांगतात आणि मलाही ते पटतं. नाहीतर प्रत्येक बिछान्यावर तुम्हाला भाऊच दिसेल आणि समोरचा पेशंट दिसणार नाही. तोवर नेमाने होणारं, ओळखीच्या चेहऱ्यांचं, लहान काम धरा. दर शनिवारी एकाच मुलाला गणित शिकवणंही चालेल, फक्त तुम्ही गेला नाहीत तर त्याने ‘काका का आले नाहीत’ असं विचारलं पाहिजे.

वर्षश्राद्धाला अजून पाच महिने आहेत. त्या दिवशी घरची सगळी माणसं एकत्र येतील. तोवर चार-पाच जणांशी तुमचं बोलणं होईल. ते उतरवून काढा, भाषा सुधारायच्या भानगडीत पडू नका, ज्याचं बोलणं त्याच्या नावाने ठेवा. छापलेली पानं आधी वहिनींना वाचायला द्या, त्यांनी काही खोडलं तर खोडू द्या, आणि मग एक प्रत पुतण्याला. मृत्यूच्या वेळी तो बारावीत होता, असं तुम्ही लिहिलंय. आपले वडील कामावर काय करायचे हे त्याला बहुधा नीट माहीतही नसेल.